टोल आहे, नाका नाही

परदेशात गाडी चालवायची म्हटलं की मराठी माणूस रस्त्याच्या उजव्या बाजूला घाबरतो, गोल चौकांना घाबरतो, पार्किंगला घाबरतो. टोलला घाबरलेला एकही इसम माझ्या पाहण्यात नाही. खालापूरच्या रांगेत ज्यानं लाँग वीकएंड घालवलेत, त्याला इटली काय घाबरवणार! युरोपातल्या लांबलचक सहलीचा हिशेब मांडताना विमान, हॉटेल, पेट्रोल, जिलाटो सगळं धरलं जातं आणि टोलपुढे 'किरकोळ' असं लिहून वही मिटते.

आपल्याकडे टोल म्हणजे एक माणूस असतो, तिथंच आपली फसगत होते. माणसाशी हुज्जत घालता येते. 'आम्ही इथलेच' असं सांगता येतं, एखाद्या साहेबाचं नाव घेता येतं, काहीच जमलं नाही तर हॉर्न वाजवता येतो. फास्टॅग आला तरी तो चालला नाही की हातात मशीन घेऊन एक पोरगा धावत येतोच. युरोपात हा पोरगा नाही. बऱ्याच ठिकाणी तर नाकाही नाही. टोल मात्र आहे.

स्वित्झर्लंडचं मला पटतं. तिथं मोटारीला वर्षाचा एकच परवाना, विन्येट. भाव ४० फ्रँक. दोन दिवसांचा, आठवड्याचा असला किरकोळ माल ते ठेवतच नाहीत. झुरिकहून इंटरलाकेनला एकदा जा, नाहीतर वर्षभर रोज जा. स्टिकर घेतलात तर तो काचेला चिकटलेलाच हवा. 'परतताना मेव्हण्याच्या गाडीला लावू' म्हणून खणात जपून ठेवलात तर २०० फ्रँक दंड, वर नवा विन्येट. काचेवरून सोलायला गेलात की तो फाटतो, तशी व्यवस्थाच आहे. (आपल्या स्वभावाचा इतका अभ्यास स्विस सरकारनं कधी केला कोण जाणे.) २०२३ पासून हाच विन्येट गाडीच्या नंबरावर ऑनलाइनही मिळतो. भाव १९९५ पासून तोच. २०१३ साली तो १०० फ्रँक करायचा घाट घातला गेला, तर लोकांनी सार्वमतात तो हाणून पाडला. टोल फोडायला तिथं काठ्या लागत नाहीत, मतपत्रिका पुरते.

ऑस्ट्रियातही विन्येटच, पण ते लोक कायद्याचे पक्के. डिजिटल विन्येट निघाला तेव्हा ऑनलाइन घेतलेला विन्येट अठराव्या दिवशी लागू व्हायचा. कारण काय, तर ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आपण आल्प्स ओलांडून घरी परतलो तरी आपल्या हक्काचं रक्षण चालूच! शिवाय ब्रेनर घाटातल्या महामार्गाला हा विन्येट चालत नाही, तिथं वेगळा टोल. स्लोव्हेनियात आठवड्याच्या आतला विन्येट मिळतच नाही. ट्रिएस्टेहून क्रोएशियाला जाताना तिथल्या महामार्गावर पाच मिनिटं गाडी घातलीत तरी आठवड्याचे पैसे, आणि विन्येट नसला तर दंड ३०० युरोंपासून पुढे.

खरी गंमत इटलीत. टोलचा धंदा त्यांच्याइतका मुरलेला कोणाचाच नाही. फक्त मोटारींसाठीचा जगातला पहिला मानला जाणारा महामार्ग १९२४ साली मिलानहून तळ्यांच्या दिशेनं उघडला, तोच मुळी टोल लावून. आज इटलीच्या बहुतेक महामार्गांवर आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळी लेन टॅगवाल्यांची, तिच्यात चुकून शिरलात तर रिव्हर्स घ्यायचा नाही, तो गुन्हा. पांढरी रोखीची, निळी कार्डाची.

आता निळ्या लेनमधलं मराठी कुटुंब बघा. स्टिअरिंग डावीकडे, मशीनही डावीकडे, आणि जन्मभराची सवय उजवीकडची. गाडी घासेल या धास्तीनं बाबा मशीनपासून दीड हात लांब थांबतात. हात पुरत नाही. पट्टा सोडतात, दार उघडतात, ते मशीनला अडून अर्धंच उघडतं. त्या फटीतून कमरेपर्यंत बाहेर, तिकीट दातांत, कार्ड हातात. मागचा ट्रकवाला तेवढ्यात एक लांब हॉर्न देतो. मशीन इटालियनमध्ये काहीतरी खडसावतं, कार्ड परत फेकतं, एक लांबलचक कागद बाहेर काढतं आणि फाटक उघडतं. "सोडलं हो फुकट!" मागच्या सीटवर आनंदीआनंद. तो कागद म्हणजे पैसे न भरल्याची नोंद असते. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर बघून घेतो, असा त्याचा मजकूर. तो आठवण म्हणून अल्बमात जातो. आत शिरतानाचं तिकीट हरवलं असेल तर आणखी मजा. तुम्ही कुठून आलात हे सिद्ध करता आलं नाही, तर सर्वात लांबच्या नाक्यापासूनचा टोल.

एवढं करूनही इथं निदान फाटक दिसतं. त्याच मिलानच्या उत्तरेला पेदेमोंताना नावाचा रस्ता आहे, त्यावर ना फाटक, ना तिकीट. वर कमानीवरचे कॅमेरे नंबर टिपतात. पैसे पंधरा दिवसांत आपण होऊन भरायचे. पॅरिसहून नॉर्मंडीला जाणारा ए-१३ हा रस्ताही २०२४ साली असाच बिनफाटकाचा झाला. तिथं मुदत ७२ तास. रांगा गेल्या, धूर कमी झाला, सगळं खरं. पण ही सोय रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्याची. परक्यासाठी तो सापळाच. बोर्ड फ्रेंचमध्ये, गाडी ताशी शंभरच्या वर, आणि नकाशा बघणारी व्यक्ती नेमकी तेव्हा केळ्याचे वेफर्स वाटत असते.

पैसे भरायचे राहिले की पुढची नोटीस भाड्यानं गाडी देणाऱ्या कंपनीकडे जाते. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते, आणि नुसतं कळवण्याचे चाळीस-पन्नास युरो तुमच्या कार्डावरून परस्पर कापले जाऊ शकतात. मूळ टोल आणि दंड वेगळे, ते डोंबिवलीच्या पत्त्यावर मागाहून येतात. कपडे धुऊन, फोटो टाकून, सहल विसरल्यावर.

सगळेच असे नाहीत. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या एपी-७ महामार्गाचं कंत्राट २०२१ साली संपलं आणि १ सप्टेंबरला फाटकं उघडली. कंत्राट संपलं म्हणून टोल संपला, इतकं साधं! मुंबईच्या वेशीवर लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. प्रत्येक देशाची आपापली पद्धत.

जर्मनीत मोटारींना महामार्गावर टोल नाहीच. लावायचं घाटत होतं. टोल सगळ्यांना, पण जर्मन गाडीवाल्यांना वाहनकरात तेवढीच सूट. म्हणजे पंगत सगळ्यांची, बिल पाहुण्यांना. शेजारचा ऑस्ट्रिया कोर्टात गेला आणि जून २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं ही योजना मोडीत काढली. तोवर जर्मनीच्या वाहतूक मंत्रिमहोदयांनी वसुलीची कंत्राटं देऊनही टाकली होती. २०२३ साली जर्मन सरकारनं त्या कंपन्यांना २४ कोटी ३० लाख युरो भरपाई मोजली. न झालेल्या टोलचे एवढे पैसे आपल्याकडेही कोणी दिले नसतील.

तेव्हा मंडळी, गाडी ताब्यात घेताना काचेवर कुठल्या देशाचा विन्येट आहे ते बघून घ्या. कमानीवर कॅमेरे दिसले तर त्याच रात्री हॉटेलात बसून नंबर टाका आणि पैसे भरा. आणि इटालियन मशीननं दिलेला कागद कुठलाही असो, रात्री कोणाकडून तरी वाचून घ्या.