तुम्ही व्हा पुढं

लग्नाच्या कुठल्याही अल्बममध्ये घरातला एक माणूस नसतो. त्यानं बायकापोरांना कार्यालयाच्या दारात उतरवलेलं असतं, खिडकीतून मान बाहेर काढून ‘तुम्ही व्हा पुढं, मी गाडी लावून आलो’ असं म्हटलेलं असतं आणि तो येईतो पहिली पंगत उठलेली असते. आमच्या घराण्यात हे पद सांगलीच्या तात्यांकडे तहहयात आहे.

तात्या माझे धाकटे काका. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात त्यांची उमेद गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली आणि त्या दिवसापासून जगाकडे बघण्याची त्यांची दृष्टीच बदलली. पत्रिका हातात पडली की लोक मुहूर्त बघतात. तात्या कार्यालयाचा पत्ता बघतात आणि यजमानांना फोन करतात, ‘आत किती गाड्या राहतात? बाहेर पडायचं गेट वेगळं आहे का तेच?’ माझ्या बहिणीला ठाण्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, घरचं वळण यांवर आठवडाभर खल चालला होता. तात्यांनी सांगलीहून एवढंच विचारलं, ‘पार्किंग स्टिल्टमध्ये आहे का उघड्यावर?’

‘स्टिल्टमध्ये. दोन आहेत.’

‘मग वाट कसली बघताय?’

मुंबई त्यांना पाठ आहे, पण ती तुमची-माझी मुंबई नव्हे. गेटवे, राणीची बाग, चौपाटी ही स्थळं त्यांच्या नकाशात ‘जागा नाही’ या एकाच रकान्यात मोडतात. उलट माटुंग्याचा फाइव्ह गार्डन्सचा भाग आणि दादरची हिंदू कॉलनी यांविषयी ते भक्तिभावानं बोलतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तीत हवा खेळत नाही म्हणून १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं दादर-माटुंग्याकडे मोकळ्या रस्त्यांच्या, झाडीच्या वसाहती आखल्या. हा इतिहास तात्यांना तोंडपाठ आहे. ‘त्यांनी तेव्हा रस्ते रुंद ठेवले म्हणून आज झाडाच्या सावलीला गाडी लागते बघ,’ असं ते गहिवरून सांगतात. प्लेगचे आभार मानणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पंचांगाचाही त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला आहे. काही रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. रात्री बारा वाजता तारीख पालटली की कायद्यानं तुमची गाडीही पालटली पाहिजे. मुक्कामाला आलेला पाहुणा मध्यरात्री पायजम्यावर खाली उतरून गाडी हलवतो, याला तात्या अडाणीपणा म्हणतात. ‘एकतीसला यायचं. एकतीस विषम, दुसऱ्या दिवशी एक, तीही विषम. रात्रभर गाडीला हात लावायचं काम नाही.’ त्यामुळे एकतीस दिवसांचा महिना संपत आला की आमच्याकडे तात्यांची चाहूल लागायची. जूनच्या अखेरीस ते कधीच येत नसत.

नातेवाइकांच्या सोसायटीत गाडी लावणं त्यांनी फार पूर्वीच सोडलं. तिथे आधी वॉचमनच्या वहीत नाव, गाव, मोबाइल, कुणाकडे, कशासाठी हे सगळं लिहावं लागतं. ‘पासपोर्ट काढताना एवढं विचारलं नव्हतं,’ असं काकू म्हणतात. मग पाहुण्यांसाठी राखलेली जागा दाखवली जाते. तिच्यावर धूळ खात पडलेली एक जुनी गाडी असते आणि ती सेक्रेटरींच्या मेव्हण्याची असते. एवढ्यातूनही कुठे गाडी घुसवलीच, तर रात्री अकराला खालून आरोळी येते, ‘एमएच-१० कुणाची?’ साऱ्या इमारतीच्या गॅलऱ्यांत माणसं येतात. जेवता जेवता उठून, खरकटा हात वर धरून, डाव्या हातात किल्ली घेऊन जिना उतरणारे तात्या मी पाहिलेले आहेत.

त्यांचा राग मात्र कुणावर नसतो. एका बंगल्याच्या फाटकावर ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी होती. मला ती उर्मट वाटली. तात्या म्हणाले, ‘सज्जन माणूस दिसतोय. हवाच सोडतो म्हणतोय. उचलून नेत न्हाई.’ उचलून नेणाऱ्यांची त्यांना खरी धास्ती. महापालिकेनं २०१९च्या जुलैत आपल्या वाहनतळांच्या पाचशे मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांना ५,००० ते २३,००० रुपये दंड जाहीर केला, त्या बातमीचं कात्रण तात्यांनी लॅमिनेट करून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. शेजारी गणपतीचा फोटो आहे. काकू म्हणतात, गाडी सुरू करताना ते नमस्कार नेमका कुणाला करतात हे सांगता येत नाही.

या सगळ्या तपश्चर्येतून तात्यांचा सिद्धांत तयार झाला. एकदा त्यांनी मला पाठकोऱ्या कागदावर गणितच मांडून दाखवलं. एका गाडीला उभं राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. आणि बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. ‘पंचवीस फूट जास्त दिले की इथं एक अख्खं बिऱ्हाड राहतंय. पोरंबाळं, म्हातारी, पाहुणा धरून. आणि मी सांगलीहून येणार, माझ्या रिकाम्या गाडीला तेवढी जागा मागणार, ती पण फुकट. काय तोंडानं मागायची?’ पेढीवरच्या माणसाचा हा हिशेब होता आणि त्यात मला एका पैचीही चूक सापडली नाही.

म्हणून गाडी मुंबईत आणायचीच नाही. देवळात जाताना चपला बाहेर काढतो तशी ती खाडीच्या अलीकडे ठेवायची आणि पुढे लोकलनं जायचं. यासाठी वाशी स्टेशन. १९९२मध्ये हार्बरची गाडी खाडी ओलांडून वाशीला आली. सिडकोनं नवी मुंबईची स्टेशनं बांधताना पुढे ऐसपैस जागा ठेवली, याबद्दल तात्या सिडकोला मनातल्या मनात मानपत्र देऊन चुकलेत. पावणेचारशे किलोमीटर गाडी हाकून आलेला माणूस शेवटच्या पंचवीस किलोमीटरसाठी लोकलच्या तिकिटाच्या रांगेत उभा राहतो, हे बघून लोकांना नवल वाटतं. अटल सेतूवरून थेट शिवडीला उतरता येतं, असं मी सुचवून पाहिलं. ‘पूल बांधला बावीस किलोमीटरचा. उतरल्यावर गाडी लावायला बावीस फूट कुठंयत ते दाखव.’ ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा सगळे खूश होते. तात्या हळहळले. ‘त्या पंचेचाळीस रुपयांच्या भीतीनं चार माणसं तरी बाहेर थांबत होती रे.’

वाशीला पार्किंगच्या पावत्या फाडणारा पोरगा जतचा निघाला. आपल्या जिल्ह्यातला म्हटल्यावर तात्यांनी त्याला भडंगाचं पाकीट दिलं, त्याच्या घरची चौकशी केली, त्याच्या मामाची आणि आपल्या पेढीची जुनी ओळख शोधून काढली आणि मग ‘लक्ष असू दे’ म्हणून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. हँडब्रेक, चारही काचा, डिकी. स्टेशनच्या पायऱ्यांवरून परत येऊन पुन्हा एकदा डिकी.

इथवर सिद्धांत निर्दोष आहे. पण चपला बाहेर काढणाऱ्याचं लक्ष जिथे असतं, तिथेच तात्यांचं असतं. मानखुर्द यायच्या आत ते विचारतात, ‘पावती तुझ्याकडं का माझ्याकडं?’ चेंबूरला त्यांना शंका येते की ती जागा दुपारनंतर उन्हात येत असावी. कुर्ल्याला हार्बर सोडून दादरची गाडी पकडताना पुलावर जी चेंगराचेंगरी होते, तिच्यात ते दोन्ही हातांनी सदऱ्याचा खिसा धरून चालतात. पाकीट मागच्या खिशात असतं. पुढे असते ती किल्ली.

एकदा त्यांना शिवाजी मंदिरला नाटक दाखवायला नेलं. तात्या नाटकाचे मोठे शौकीन. सांगलीचेच, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावचे. पहिल्या अंकात त्यांनी दोन वेळा भरपूर दाद दिली. मध्यंतरात सगळे बटाटेवड्याकडे धावले आणि तात्या कोपऱ्यात जाऊन फोनवर, ‘शेजारी कोण लावलंय? दार उघडताना घासल असं आहे का?’ पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण दुसऱ्या अंकात नायिकेचा संसार मोडत असताना तात्या पुटपुटले, ‘पांढरी इनोव्हा आहे म्हणे.’ पुढच्या रांगेतल्या बाईंनी रागानं मागे वळून पाहिलं. तात्यांना ती सहानुभूती वाटली.

माझ्या बहिणीचं लग्न शेवटी त्याच ठाण्याच्या मुलाशी ठरलं. कार्यालय दादरला आणि दिवस रविवार. तात्यांनी साऱ्या सांगलीकरांना वाशीला गाड्या लावायचा आदेश दिला होता. पण हार्बरचा मेगाब्लॉक निघाला आणि आठ गाड्यांचा ताफा नाइलाजानं थेट दादरला येऊन धडकला. त्या सकाळी आम्ही तात्यांचं खरं रूप पाहिलं. कमरेला उपरणं खोचून ते रस्त्यात उभे राहिले. ‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... काटा मार... बस्स!’ दोन गाड्या कार्यालयाच्या आवारात, तीन पे अँड पार्कमध्ये, एक जावयांच्या मित्राच्या दुकानामागे, एक हिंदू कॉलनीत झाडाखाली आणि त्यांची स्वतःची सगळ्यांत शेवटी, कुठे ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. वरपक्षाच्याही चार गाड्या त्यांनी ओळख नसताना लावून दिल्या. आत मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या होत्या. ‘शुभमंगल सावधान’ लाउडस्पीकरवर ऐकू आलं तसं त्यांनी डोळे मिटले आणि त्या समोरच्या गाडीच्या बॉनेटवर टाकल्या. गाडी व्याह्यांची होती, त्यामुळे तेही चालून गेलं.

पंगतीला ते आले तेव्हा आमची आइस्क्रीमं वितळली होती. त्यांना पाटावर बसवून मी म्हटलं, ‘तात्या, एवढा जिवाला घोर कशाला? महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे की. रात्री सांगलीला बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. गाडीचा प्रश्नच नाही.’

काकूंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. हे त्या बरीच वर्षं ऐकत असाव्यात.

‘बरोबर आहे,’ तात्या जिलबी मोडत म्हणाले. ‘पण एवढं सामान घेऊन सांगली स्टेशनपर्यंत गाडी आणावी लागणार. मग दोन दिवस ती तिथं लावायची कुठं?’