परकं न्यायालय की नकोसा निकाल?

श्री. रेजेप तय्यिप एर्दोगन,
राष्ट्राध्यक्ष, तुर्कस्तान

महोदय,

विरोधी नेते सेलाहत्तीन देमिर्ताश यांना सोडा, असं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितलं, तेव्हा हे निकाल आमच्यावर बंधनकारक नाहीत, असं तुम्ही ठणकावलंत. तुमच्या राज्यघटनेचं ९०वं कलम उघडून बघा. मूलभूत हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आणि देशातला कायदा यांत विसंगती आली तर करार वरचढ, ही तरतूद त्यात २००४ मध्ये घातली गेली. पंतप्रधान तुम्हीच होता, बहुमतही तुमच्याच पक्षाचं होतं.

तेव्हा स्ट्रासबर्ग तुम्हाला परकं नव्हतं. तुमच्या जुन्या रफाह पक्षावर बंदी आली, तो पक्ष तिथेच दाद मागायला गेला. तुमचे सहकारी अब्दुल्ला गुल यांच्या पत्नीने हेडस्कार्फमुळे विद्यापीठात प्रवेश नाकारला गेला म्हणून तिथेच अर्ज केला होता. सत्तेवर मांड पक्की बसल्यावर तेच न्यायालय देशाच्या सार्वभौमत्वावर घाला कसं ठरलं? गरज सरो, वैद्य मरो!

उद्योजक आणि सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांचं काय केलंत? ऑक्टोबर २०१७ मध्ये अटक. त्यांचं तोंड बंद करण्यासाठीच ही कोठडी आहे, असा निकाल स्ट्रासबर्गने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये तुमच्याच देशातल्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि त्याच दिवशी त्यांना पुन्हा पकडण्यात आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या निर्दोष सुटकेवरच तोंडसुख घेतलंत. २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली, तीही पॅरोलची आशा नसलेली. एका कवितेसाठी तुम्ही स्वतः १९९९ मध्ये तुरुंगात गेला होतात. शब्दांसाठी गजाआड जाणं काय असतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

बरं, वाद खरोखर परक्या न्यायाधीशांशी असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण २०२३ मध्ये तुरुंगातून निवडून आलेले खासदार जान अतालाय यांना सोडा, असं अंकारातल्या घटना न्यायालयाने सांगितलं. तुमच्या देशातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते धुडकावलं, वर घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांवरच फौजदारी तक्रार केली. तुम्ही बोट दाखवलंत ते घटना न्यायालयाच्या चुकांकडे. पुढे संसदेने अतालाय यांची खासदारकीही काढून घेतली.

हे घटना न्यायालय तरी कोणत्या परक्या देशाचं होतं?