जेवा की, अर्थात कोमा

स्पॅनिशमध्ये हुकूम सोडणं फार सोपं असतं, असं माझी पुतणी म्हणते. ती पुण्यात ही भाषा शिकते आणि येळवशीच्या सणाला आमच्या बेंबळीला येताना वही सोबत आणते. स्पॅनिशमधल्या सरळ वळणाच्या क्रियापदांच्या शेवटी आर, एर नाहीतर ईर असतं. जवळच्या माणसाला काही सांगायचं तर 'तो करतो' हेच रूप उचलायचं आणि त्याच्या अंगावर टाकायचं. 'आब्ला' म्हणजे तो बोलतो, आणि 'आब्ला' म्हणजेच, बोल!

मला हे तात्काळ पटलं. आमच्या घरात आज्ञार्थ असाच चालत आलाय. 'शेजारचं पोरगं पहाटं उठून अभ्यास करतंय,' एवढंच आई भिंतीकडं बघून म्हणायची आणि आम्ही मुकाट दप्तर उघडायचो. तिकडच्या आयांच्या बोलण्याचं व्याकरण झालं. आमच्या आईच्या बोलण्याला लोक टोमणा म्हणत राहिले.

मानाच्या माणसाशी बोलताना मात्र शेवटचा स्वर फिरवायचा. आर असेल तर ए, एर किंवा ईर असेल तर आ. 'आब्ला'चं 'आब्ले' होतं. हे रूप मुळात आपल्या विध्यर्थाच्या भावकीतलं, म्हणजे कुठल्याही ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचं: घरपट्टी वेळेत भरावी, पाणी जपून वापरावे. थेट सांगायचं नाही, 'असं व्हावं' म्हणून इच्छा हवेत सोडायची. घरपट्टीच्या बाबतीत ती पुष्कळदा हवेतच राहते.

जवळच्या माणसाला सांगतानाचा नियम मोडणारी आठ क्रियापदं पुतणीने पुढच्या सुट्टीवर ढकलली. ये, जा, सांग, ठेव, कर असली रोजच्या राबत्यातलीच आहेत ती. आपल्याकडंही 'ये'चं 'या' आणि 'दे'चं 'द्या' होतंच की.

खरी परीक्षा येळवशीला झाली. आमच्या धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी, मार्गशीर्ष अमावास्येला, गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. त्या दिवशी रानात दुसरं क्रियापद चालत नाही. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही धरून आणून बसवतात. त्यात नुसतं 'जेवा' म्हणणं म्हणजे उरकून टाकणं. 'जेवा की' म्हणावं लागतं. पाहुणा 'नको' म्हणतो, तेव्हा 'आवं, जेवा की!' पाहुणा 'आत्ताच झालंय' म्हणतो, तेव्हा वाढणारी बाई काहीच न बोलता पळी उपडी करते. हे तिसरं रूप कुठल्याच पुस्तकात नाही.

पुतणीला चेव आला. जेवणे म्हणजे 'कोमेर', धाकट्याला 'कोमे', वडीलधाऱ्याला 'कोमा'. पंक्तीला बसलेल्या एका वयस्क पाहुण्यांपुढं ती खिरीचं भांडं घेऊन वाकली आणि अत्यंत आदराने म्हणाली, "कोमा, कोमा!"

पाहुण्यांचा हात पानावरच थांबला. त्यांची आधीच तिसरी वाटी चालू होती.

"कोन गेलं कोमात?" आई चुलीपासून ओरडली.

"आज्जी, मी त्यांना जेवा म्हणायलेय. मानानं!"

"मानानं म्हणायलीस व्हय? मग 'की' कुठाय त्यात?"

पुतणीने वही चाळली. पाहुणे अनेक असतील तर 'कोमा'ला 'न' जोडून 'कोमान' होतं, हे सापडलं. 'की' काही सापडेना. आईने भांडं तिच्या हातून घेतलं, 'घ्या की' म्हणून पाहुण्यांची वाटी भरली, आणि पाहुणे निमूट जेवले.

परतताना बैलगाडीत पुतणी पुढं बसली. स्पेनमध्ये जनावर हाकायला 'आर्रे' म्हणतात, असं सांगून तिने कासरा हातात घेतला आणि दणकून 'आर्रे!' केलं. डावीकडचा बैल थांबला, मान वळवून तिच्याकडं बघत उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्याशी काहीतरी बोलायचंय.