नसल्यासारखे बूट

पहाटे पाचला वाटूर फाट्यावरून मंठ्याच्या रस्त्याला पळणाऱ्यांत पोलीस व्हायचं नसलेला मी एकटाच. बाकी सगळी भरतीची पोरं. त्यांना १६०० मीटर पळून २० गुण मिळवायचे असतात, मला नुसतं पोट घालवायचं असतं. पोरं मान देतात. मागून येऊन पुढं जाताना ‘सर, बाजूला’ म्हणतात, नुसतं ‘बाजूला’ म्हणत नाहीत.

त्या दिवशी मात्र एकानं वेग कमी केला, माझ्या पायांकडं पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, “सर, बूट फाटले का? बोटं भाईर निघालीत.”

बोटं बाहेर नव्हती. प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोली असलेला तो बूटच तसा होता, हातमोज्याचा भाऊ शोभेल असा. पुण्याच्या भाच्यानं घ्यायला लावलेला. अनवाणी पळण्याचे सगळे फायदे, वर पायात काहीतरी असल्याचं समाधान. बूट जितका कमी तितकी किंमत जास्त, हे त्रैराशिक गणिताचा मास्तर असूनही मला सुटलेलं नाही. आईनं तो हातात घेतला, भाकरीसारखा दुमडला, उलगडला, परत दुमडला. म्हणाली, “ह्याचा तळ कुठं ठिवला रे?”

भाच्यानं पुस्तकही दिलं होतं, क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं २००९ सालचं ‘बॉर्न टू रन’. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत ताराहुमारा नावाचे लोक राहतात. टायरचा तुकडा कापून, त्याला वादी लावून, डोंगरच्या डोंगर पळून काढतात. ते वाचून कितीतरी शहरी माणसांनी गादीचे बूट काढून टाकले म्हणे. मी ते पान अर्धवट सोडून पडवीत गेलो. दादांच्या टायरी चपला अजून तिथं खुंटीला आहेत. ट्रकच्या टायरच्या, खिळे ठोकलेल्या. एक उचलली तरी मनगट बोलतं. दादांच्या पायात टायर होता तो तत्त्वज्ञानासाठी नव्हता. बाभळीचा काटा आरपार येऊ नये, एवढीच अपेक्षा.

आजोबांची तऱ्हा आणखी वेगळी. मंठ्याच्या बाजाराला निघाले की वहाणा काखेत. गाव दिसायला लागलं की पाय झटकायचे, वहाणा चढवायचे आणि मग ऐटीत बाजारात शिरायचे. “पायाची झीज भरून येती, वहानंची येती व्हय?” हा त्यांचा सवाल. नवे धावपटू म्हणतात पायासाठी बूट सोडा. आजोबा बुटासाठी पाय सोडत होते.

शास्त्राचा आधार आहे, नाही असं नाही. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं, की अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात, आणि गादीचे बूट घालून वाढलेले टाचेवर. टाचेवर उतरलं की जमिनीचा दणका एकदम वर चढतो. चवड्यावर उतरलं की पोटरी तो झेलते. माझ्या पोटरीला मात्र हे कोणी कळवलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला टाचा उचलेनात. आठवडाभर सगळी गणितं फळ्याच्या खालच्या अर्ध्यात सोडवली.

तक्रार केली तर भाच्यानं अबेबे बिकिलाचा फोटो पाठवला. १९६० सालचं रोम, इथिओपियाचा हा सैनिक अनवाणी मॅरेथॉन जिंकतोय. फोटो पाहून अंगावर काटा येतो, खरंच. पण मनासारखे बूट मिळाले नाहीत म्हणून तो तसा पळाला होता. चार वर्षांनी टोकियोत त्यानंच बूट-मोजे घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं, आणि तेही रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात. तो फोटो भाचा पाठवत नाही.

मग पाऊस लागला. डांबरी रस्त्यावर ट्रकांचं पाणी अंगावर येतं म्हणून मी पाणंदीनं वळलो. आमची काळी माती ओली झाली की माणसाला सोडत नाही. दहा पावलांत एकेक बूट किलोचा झाला. पंचविसाव्या पावलाला बोटाबोटांतल्या खोल्यांत लापशी भरली. पुढं पळणं म्हणजे दोन ढेकळं उचलून नेणं. वाकलो, आणि घट्ट बांगड्या उतरवाव्यात तसं एकेक बोट सोडवून बूट काढले. तळव्याला गार चिखल लागला. अंगठा आपोआप रुतला, जोर धरला, पाय पुढं पडला. सराटे चुकवायचे कसे, हेही पायाला आठवत होतं.

पळालो नाही, चालतच आलो. बूट काखेत. फाट्याच्या अलीकडं हापसा आहे, तिथं आधी बूट धुतले, मग पाय. समोर टपरीवर भरतीची पोरं चहा घेत बसलेली. म्हणून दगडावर टेकलो आणि एकेक बोट त्याच्या त्याच्या खोलीत घालायला लागलो. ओल्या बोटांना ते लवकर जमत नाही. करंगळी तर दोनदा शेजारच्या घरात गेली. तेवढ्यात पोरांनी दुसरा चहा सांगितला.