न बोलावता आलेला मेकॅनिक

खोटा टेक सपोर्ट ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तो वेळेवर येतो. दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा खरा माणूस सात फोनांनंतर ‘निघालोच, सिग्नलला आहे’ म्हणतो आणि परवा उगवतो. खोट्याला बोलवावं लागत नाही. कॉम्प्युटर बिघडायच्या आधीच त्याचा फोन येतो, दर वाक्याला ‘सर’ असतं, आणि पार्किंगबद्दल चकार शब्द नसतो. एवढ्या सौजन्याची सवय नसलेला व्यापारी तिथेच निम्मा विरघळतो.

दुकानात शिरायच्या त्याच्या वाटा तीन. पहिली, थेट फोन: “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय.” दुसरी, स्क्रीनभर पसरणारी लाल पाटी, सोबत भोंगा आणि खाली टोल-फ्री नंबर. ही पाटी म्हणजे ब्राउझरने पूर्ण स्क्रीनवर उघडलेलं साधं वेबपान. एस्केपची कळ दाबून धरावी आणि पान बंद करावं, नाहीतर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, पाटी गेली. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. तिसरी वाट सगळ्यांत नामी, कारण तिथे गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत जातं. प्रिंटर अडतो, अकाउंटंट इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि सगळ्यात वर दिसेल तो फिरवतो. सगळ्यात वर पुष्कळदा जाहिरात असते, आणि जाहिरात पैसे भरून कोणालाही देता येते.

पुढचा प्रयोग मात्र पाहण्यासारखा असतो. फोनवरचे साहेब आधी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतात. त्यात लाल-पिवळ्या खुणांची रांग दिसते आणि मालकाचा घसा कोरडा पडतो. वास्तविक ही विंडोजची रोजनिशी आहे, आणि ती स्वभावाने कुरकुरी. सकाळी एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी ती नोंद करून ठेवते. अगदी ठणठणीत कॉम्प्युटरवरही या खुणा शेकड्यांनी सापडतात. मग ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा. तिच्या एका रकान्याचं नाव ‘फॉरिन ॲड्रेस’. त्याचा अर्थ एवढाच की जोडणीचं पलीकडचं टोक. ते शेजारच्या खोलीतल्या मशीनचंही असू शकतं. पण साहेब दबक्या आवाजात विचारतात, “सर, तुमच्याकडे हे फॉरिनचे लोक कसे?” खरी कमाल शेवटी. ‘असोक’ ही आज्ञा दिली की यादीत ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक येतो. तो साहेब आधीच तोंडपाठ म्हणून दाखवतात: “हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स आयडी, आमच्या रेकॉर्डवर आहे.” मालक थक्क होतो. हाच क्रमांक शेजारच्या किराणावाल्याच्या विंडोजमध्येही अक्षरशः तसाच असतो, पण ताडून पाहायला उठतो कोण?

एकदा विश्वास बसला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप उतरवायला सांगतात आणि त्याचा कोड मागतात. ॲप खरं, कामाचं. कोड देणं म्हणजे गल्ल्याची किल्ली देणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. मग नेट बँकिंग उघडलं जातं. ‘फी परत करतो’ म्हणून ब्राउझरमध्ये दिसणारं पान जागच्या जागी बदलून खात्यात जास्तीचं शून्य दाखवतात, आणि ‘सर, चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल’ म्हणून गयावया करतात. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस इथे हळवा होतो आणि ‘जादा’ पैसे परत पाठवतो. खात्यात मुळात काही आलेलंच नसतं.

ही मंडळी परक्या मुलखातली असतात अशी समजूत बाळगू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकी कर-अधिकाऱ्यांचं सोंग घेऊन अमेरिकेत फोन चालले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या ऑपरेशन चक्र-२ मध्ये टेक सपोर्टचं सोंग घेणारी कॉल सेंटरं सापडली.

बंदोबस्त फारसा खर्चिक नाही. सपोर्टचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून कॅलेंडरशेजारी चिकटवावा. फोन आपण करायचा, त्यांनी नाही. काउंटरवरच्या मशीनला ॲडमिनचे अधिकार देऊ नयेत, म्हणजे वाटेल ते ॲप बसवणं तितकं सोपं राहत नाही. मोठी रक्कम दोघांच्या मंजुरीशिवाय जाऊ नये. टॅलीचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावा आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. मशीनलाच लटकलेला बॅकअप मशीनबरोबरच जातो. आणि फोन मध्येच आपटणाऱ्या नोकराला उद्धट म्हणू नये. या एका कामात उद्धटपणा हीच पात्रता आहे.

तरीही कोणी फसलंच, तर लाजून वेळ घालवू नये. इंटरनेटची वायर उपटावी, वायफाय बंद करावं, बँकेला कळवावं, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळलं, तर ती गोठवता येते.