जित्याची खोड

जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यात माणूस काय करतो असं विचारायची पद्धत नाही. तो गणपती करतो. कोणी साचा भरतो, कोणी पॉलिशपेपर मारतो, कोणी रंगाची गन चालवतो आणि ज्याचा हात थरथरत नाही तो डोळे आखतो. अशा गावात एखादा पोरगा रात्री कारखाना बंद झाल्यावर साच्याचं उरलेलं रबर घेऊन जपानी राक्षसाची शेपटी करत बसला, तर त्याला कोणी वेडा म्हणत नाही. फार तर विचारतात, "गिऱ्हाईक कुठलं?"

गिऱ्हाईक कुठलंच नाही. तो भक्त आहे. गोजिराचा, म्हणजे तुमच्याआमच्या गॉडझिलाचा.

ही जात ओळखायला सोपी. तुम्ही सहज म्हणता, "हो, तो डायनासोरचा पिक्चर ना? अठ्ठ्याण्णव साली पाहिला होता आम्ही." भक्त तुमच्याकडे असा बघतो, की तुम्ही प्लास्टरच्या मूर्तीला शाडूची म्हणून हात जोडलेत. मग तुमची सुटका नाही. 1998चा तो अमेरिकन प्राणी गॉडझिला नव्हेच, खुद्द तोहो कंपनीने पुढे त्याच्या नावातला 'गॉड' काढून घेतला आणि नुसता 'झिला' ठेवला. 2004च्या चित्रपटात खऱ्या गोजिराने सिडनीत त्याचा निकाल लावला, तोही काही सेकंदांत. हे सगळं तो अशा समाधानाने सांगतो, जणू सिडनीच्या त्या प्रकरणात पंच म्हणून याचीच सही आहे.

पण भक्ताचं खरं दैवत 1954च्या चित्रपटातलं. दिग्दर्शक इशिरो होंडा, करामती एइजी त्सुबुरायांच्या. आपण सिनेमात गोष्ट बघतो, हा सांधे बघतो. चित्र थांबवून बोट ठेवतो, "इथं जोड आहे, दिसला?" आपल्याला काही दिसत नाही. राक्षसाच्या पोशाखात आतून बांबूच्या कांब्या, तार, जाळी, वर लॅटेक्सचे थर, वजन शंभर किलोच्या घरात आणि त्यात हारुओ नाकाजिमा नावाचा जिवंत माणूस. त्सुबुरायांना खरं तर 'किंग काँग'सारखी बाहुली एकेक चित्र घेत हलवायची होती. तेवढा वेळ नव्हता, पैसाही नव्हता, म्हणून माणूस आत घातला. सीझनला तीन आठवडे उरले असताना चारशे मूर्ती रंगवायच्या राहिलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही.

डरकाळीचा नाद मात्र गावाला भोवला. गोजिराची डरकाळी म्हणजे डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून काढलेला आवाज. जित्यात डबल बास कुठून येणार? भक्ताने भजनी मंडळाची एकतारी आणली. दोन दिवसांनी मंडळाने एकतारी परत नेली आणि जाताना याचं नाव हजेरीतून काढून टाकलं.

आईला त्याने वेगळ्या मार्गाने पटवलं होतं. देवाच्या कारखान्यात राक्षस कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की चाल बसवायला नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती बघत बसायचा. आई क्षणभर विरघळली. मग शेपटीकडे बघून म्हणाली, "मंग सोंड मागं कशी गेली?"

आता या पंथाचं पंढरपूर शिकागोजवळ आहे. 1994 साली सुरू झालेला 'जी-फेस्ट' तिथे दरवर्षी भरतो. जगभरचे भक्त येतात, पोशाख घालून मिरवतात, स्वतः केलेली मॉडेलं मांडतात, जुन्या चित्रपटांवर तासन्‌तास भांडतात. भरतो मात्र जुलैत. जुलैत जित्यात सुट्टी मागणारा माणूस अजून जन्मायचा आहे. याने एकदा धीर करून विषय काढला. शेठने गन खाली न ठेवताच विचारलं, "शिकागोला? मंग पितांबर कोन मारल?" व्हिसाचा प्रश्न तिथेच मिटला.

उरला मुंबईचा कॉमिककॉन, बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरमधला. तिथे राक्षसांचं वेगळं काही नसतं, पण वेष करून जायला मुभा असते. पहाटेच्या गाडीला भक्त जिते स्टेशनवर उभा राहिला. पोशाखाचं धड गोणीत, डोकं काखेत आणि शेपटी खांद्यावर. डब्यात पाट्या घेऊन बसलेल्या मावशी सरकल्या.

"आरं बाला, यी मगर कुठं नेतस?"

मगर म्हटलेलं त्याला एरवी खपलं नसतं, पण मावशींसमोर तो नरमला. त्याने मुळापासून सांगितलं. मार्च 1954. अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँब फोडला, त्याची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, तेवीस खलाशी भाजले, एक पुढे दगावला. बंदरात आलेल्या कुप्यात किरणोत्सर्ग सापडला. त्सुकिजीच्या बाजारात तो पुरून टाकावा लागला.

"कुपा पुरला?"

"पुरला."

"आख्खा?"

मावशी बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग समुंदरातून राकीस येनारच की!" पिक्चर त्यांना पनवेल यायच्या आत कळला होता. भाव पडला का, बोटवाल्याला पैसे कोणी दिले, हे प्रश्नही त्यांनी विचारले. त्यांची उत्तरं भक्ताला येत नव्हती, कारण त्याने आजवर फक्त सांधे पाहिले होते.

बीकेसीत इतकं कोणाला कळलं नाही. सुरक्षारक्षकाने शेपटी दोनदा तपासली. आत चाळीसएक नारुतो, स्पायडरमॅन तर मोजण्यापलीकडे. "डायनो भैया, एक सेल्फी!" भैया दर वेळी डोकं काढून 'डायनासोर नाही' असं सांगायचा, आणि डोकं काढलेला फोटो कोणालाच नको असायचा. दुपारी घामाने निथळत बसला असताना एक डोंबिवलीकर समोर आला. त्याने वाकून पाठीवरच्या काट्यांची पहिली रांग बोटाने चाचपली आणि विचारलं, "चोपन्नचा?" भक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचच मिनिटांत, कासवासारखा गामेरा हा खरा कैजू, म्हणजे अस्सल जपानी राक्षस, की तोहोचं बघून दाइएई कंपनीने 1965मध्ये काढलेली नक्कल, यावरून दोघांची अशी जुंपली, की बाजूचे स्पायडरमॅन सोडवायला आले.

भांडण कुर्ल्यापर्यंत पुरलं. भक्ताला मेळावा मिळाला.

पोशाख आता कारखान्यात आडव्या बांबूला टांगलेला असतो, खाली रांगेने बिनडोळ्यांचे गणपती. परवा मुंबईचं एक मंडळ मूर्ती ठरवायला आलं. अध्यक्ष वर बघून हरखले. देखाव्याला पाहिजे! बाप्पापुढे गुडघे टेकून माफी मागणारा गॉडझिला! शेठने भक्ताला न विचारताच अॅडव्हान्स खिशात घातला.

भक्त ब्रश धुवून शांतपणे पुढे आला. "मान लववेल. गुडघे टेकणार नाही."

"का? देवापुढे एवढा माज?"

"माज नाही. पहिल्या सूटमध्ये नाकाजिमाला धड चालताही येत नव्हतं. गुडघे वाकणार कुठून?"

अध्यक्षांनी शेठकडे बघितलं. शेठने छताकडे. "बरं, शेपूट तरी हलेल का?"

"हलेल," भक्त म्हणाला. "पण तिला वरून तारा लागतात. तारांचे वेगळे पडतील."