विश्रांतीने बिघडणारं यंत्र

मिक्सर, गिझर, शिलाई मशीन ही घरातली कष्टाळू मंडळी. राबून राबून झिजतात आणि एक दिवस बसतात. त्यांचं दुखणं समजतं. इंकजेट प्रिंटरचं सगळं उलटं. त्याला काम दिलं की तो ठणठणीत, सुट्टी दिली की आजारी. एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, मुलांचे प्रकल्प थांबतात, घर दीड-दोन महिने कागदाचं नावही काढत नाही. आणि जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज छापायला बसावं तर पानावर पांढरे पट्टे.

आमचा प्रिंटर मुलगी शाळेत असताना घेतलेला. ती आता बंगळुरूला नोकरी करते आणि तिच्या ऑफिसात कागद वापरणं असभ्य समजतात म्हणे. प्रिंटर मात्र पुण्यातच राहिला, आमच्याबरोबर. यंदा भाचीच्या लग्नाचे फोटो आत्यासाठी छापले, कारण आत्याला मोबाइलमधला फोटो हा फोटो वाटत नाही. भाचीचा लालभडक शालू छापून आला तो पिवळाधम्मक. आत्या चष्मा पुसून म्हणाली, "हळदीचा फोटो फार गोड आलाय गं, लग्नातला नाही काढला?"

मॅजेंटा गेला होता. प्रिंटरकडे लाल शाई नसतेच. पिवळ्यावर मॅजेंटाचे ठिपके टाकून तो आपल्याला लाल दाखवतो. मॅजेंटा रुसला की लाल पिवळा होतो, गर्द निळा आभाळी होतो आणि गोरीपान माणसं हिरवट दिसायला लागतात. लग्नातल्या एकाही पाहुण्याची तब्येत त्या फोटोत बरी दिसत नव्हती.

हा मॅजेंटा जिथे अडकतो ती जागा पाहिली की प्रिंटर बंद पडतो याचं नव्हे, चालतो याचंच नवल वाटतं. शाईच्या डब्यांखाली हेड असतं आणि त्याच्या तळाला शेकडो भोकं. एकेक भोक सुमारे वीस मायक्रॉनचं, म्हणजे आपला केसही त्यातून जाणार नाही. आमच्या प्रिंटरच्या जातीत प्रत्येक भोकाशी एक इवलासा हीटर असतो. त्यात क्षणभर वीज सोडली की त्याला टेकलेली शाई तीनशे अंशांच्या वर तापते, वाफेचा बुडबुडा फुगतो, एक थेंब बाहेर ढकलतो आणि विरतो. हे सेकंदाला हजारो वेळा. थेंब पाच पिकोलिटरचा धरला तर चहाच्या एका चमच्यात शंभर कोटी थेंब मावतात. शाईत बहुतेक पाणीच. ते लवकर उडू नये म्हणून ग्लायकॉलसारखं काहीतरी घातलेलं असतं. काम नसलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, भोकं झाकली जातात. पण टोपीच्या काठावर जुनी शाई नि धूळ साचली की ती घट्ट बसत नाही, आणि एप्रिल-मेची पुण्याची कोरडी हवा पुढचं काम करते.

यावर कंपनीने दिलेला उपाय म्हणजे हेड क्लिनिंग. बटण दाबलं की प्रिंटर खाकरतो, घरघरतो, आणि टोपीखालचा पंप भोकांतून शाई ओढून घेतो. कित्येक प्रिंटरमध्ये अडलेला असतो एकटा मॅजेंटा, पण ओढले जातात सगळे रंग. ही ओढलेली शाई तळातल्या जाड नमद्यात मुरते. नमदा किती भिजला हे पाहायला आत सहसा काही नसतं. प्रिंटर आपल्या मनाशी हिशेब ठेवतो आणि हिशेब भरला की नमदा भरल्याचं जाहीर करून संप पुकारतो. शाई महाग का पडते, असं विचारणाऱ्यांनी एकदा तळाचं झाकण उघडून पाहावं. आपले पैसे तिथे काळे-जांभळे होऊन पडलेले असतात.

माझा नवरा निवृत्त झाल्यापासून अशा प्रसंगांची वाटच पाहत असतो. क्लिनिंगनंतर तपासणीचं पान निघतं, त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची शिडी असते. त्याने ती पानं तारीख-वेळ घालून फ्रिजवर लावायला सुरुवात केली. "अगं, दोन रेषा आल्या!" असं तो रात्री साडेअकराला सांगायचा. सकाळी त्यातली एक गेलेली असायची. कायमची बंद पडलेली वस्तू माणूस भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो. जी थोडी थोडी सुधारते, ती घरातल्या सगळ्यांना कामाला लावते.

मग शस्त्रक्रिया. खटका उचलून हेड बाहेर आलं. स्वयंपाकघरातली माझी वाटी गेली, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आलं, ते कोमट झालं. हेडचा फक्त तळ पाण्यात, मागचे सोनेरी पॉइंट कोरडे, हे मला तीनतीनदा बजावण्यात आलं. जणू मीच ते बुडवायला टपले होते. पाण्यात गुलाबी धागा सुटला तसा त्याचा चेहरा उजळला. केमिस्टकडून सिरिंज आली, तिला नळीचा तुकडा लागला, आणि शाई शिरते त्या तोंडातून हलक्या दाबाने पाणी सोडणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत तो गुलाबी बोटांनी पाणीपट्टीवर बोलला.

गंमत अशी की या तंत्राचा उगमही सिरिंजपाशीच आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या समोर तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि टोकातून शाई उडाली. त्यातून बबलजेट जन्मलं. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डच्या जॉन व्हॉट यांना साधारण त्याच सुमारास हेच स्वतंत्रपणे सुचलं आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. एप्सनवाल्यांनी उष्णतेचा नाद न करता विजेने वाकणाऱ्या स्फटिकाकडून थेंब ढकलून घेतला. वाळलेल्या शाईने मात्र कुणालाच सोडलं नाही.

आमच्या फ्रिजवरची पानं ओळीने पाहिली तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी डॉक्टरांना दिसत नव्हती. बाकीच्या फटी रोज जागा बदलत होत्या. मॅजेंटातली एक रुंद फट मात्र पहिल्या दिवसापासून जिथल्या तिथे. फिरणारी फट म्हणजे हवा किंवा वाळलेली शाई, ती धुतली जाते. न हलणारी फट बहुधा जळालेल्या हीटरची. हीटरला थंड ठेवते ती शाईच. डबा रिकामा असताना छापत राहिलं की हीटर कोरडा तापतो आणि जातो. आणि मराठी घरात 'शाई संपत आली' हा इशारा म्हणजे कंपनीचा कांगावा. डबा काढून हलवायचा, अजून दहा पानं निघतात.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गर्दीत एका चिंचोळ्या दुकानातल्या मुलाने ते पान दोन सेकंद पाहिलं. "काकू, हेड गेलंय. नव्या हेडच्या पैशात नवा प्रिंटर येईल. टाकीवाला घ्या." टाकीवाले प्रिंटर एप्सनने २०१० मध्ये आधी इंडोनेशियात आणले, कारण तिकडच्या दुकानदारांनी प्रिंटरला परस्पर बाटल्या नि नळ्या जोडायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या पोरांनीही तेच उद्योग केले होते. मला ही हकीकत फार आवडते. ग्राहकाच्या जुगाडापुढे कंपनीने हात टेकल्याची उदाहरणं थोडी.

नवरा काही बोलेना. मुलाला काय वाटलं कोण जाणे, त्याने खालचा खण ओढला. भंगारात निघालेल्या प्रिंटरांची हेडं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. "काका, तुमच्या मॉडेलचं आहे एक. लावून बघा, चाललं तर पैसे द्या."

चाललं. मॅजेंटाची शिडी पूर्ण आली. काळ्यात एक रेष नाही, पण अर्ज, आरत्या आणि वीजबिलं यांना तेवढ्याने काही होत नाही. पैसे देऊन आलो तेव्हा मुलाने बजावलं, "आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा." तेव्हापासून दर रविवारी आम्हाला छापण्याजोगं काहीतरी शोधावं लागतं. पाककृती झाल्या, नातेवाईकांची बारशी झाली, सोसायटीच्या नोटिसा सप्तरंगी झाल्या. वॉचमनच्या मुलीचं हॉल तिकीट तर नवऱ्याने आग्रहाने रंगीत काढून दिलं. या रविवारसाठी अजून काही सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर पाठवून द्या, शक्यतो लाल जास्त असलेलं.